समुद्रातली लावणी

काचेची रिकामी बाटली, शेतीच्या खतातले अमोनियम नायट्रेट, थोडे रॉकेल आणि एक वात. इंडोनेशियात मकासार शहरासमोर पसरलेल्या स्पर्मोंडे द्वीपसमूहात कित्येक दशके अनेकांची मासेमारी एवढ्या सामानावर चालली. बाटली पेटवून पाण्यात फेकायची, दणक्याने मेलेले मासे गोळा करायचे आणि कोणी पाहायच्या आत तिथून निघायचे. कायद्याने बंदी होती, पण स्वस्तात होडी भरत होती. तळाशी मागे राहायचा तो चुरा. वर्षानुवर्षे वाढलेल्या प्रवाळांचे बोटाएवढे पांढरे तुकडे.

खरे दुखणे आहे ते हा चुराच. प्रवाळाची सूक्ष्म अळी पाण्यात तरंगत येते आणि बसायला घट्ट जागा शोधते. चुऱ्यावर ती बसते खरी, पण लाटेच्या एका हिसक्याने तो तुकडा उलटतो आणि अळी त्याखाली घासून मरते. त्यामुळे स्फोट थांबून कितीतरी वर्षे उलटली तरी अशा जागा ओसाडच राहतात. पाणी नितळ असते, ऊन भरपूर असते, शेजारच्या धडधाकट खडकावरून अळ्या येतही असतात, तरी तळ काही भरून येत नाही.

याच द्वीपसमूहातल्या बादी नावाच्या बेटाजवळ २०१३ ते २०१५ या काळात चुऱ्यावर लोखंडी सळ्यांचे सांगाडे अंथरण्यात आले. सहा पायांचा, कमरेइतकाही उंच नसलेला सांगाडा. त्याच्यावर राळेचा लेप द्यायचा आणि लेप ओला असतानाच वाळू लावायची. मग प्रत्येक सांगाड्यावर जिवंत प्रवाळांचे पंधराएक तुकडे प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधायचे. पाणबुडे हे सांगाडे खाली नेऊन एकमेकांना जोडतात. तळावर लोखंडाचे जाळे तयार होते, चुऱ्याची हालचाल मंदावते आणि तुकड्यांना वाढायला स्थिर जागा मिळते. सुमारे ७,००० चौरस मीटर जागेवर असे ११,००० सांगाडे बसले. सुरुवातीला जिवंत प्रवाळांचे आच्छादन दहा टक्क्यांच्याही खाली होते, पुढच्या काही वर्षांत ते साठ टक्क्यांच्या वर गेले. पैसा आणि तंत्र होते मार्स या चॉकलेट कंपनीचे, जिचा काही कोको सुलावेसीच्या मळ्यांतून येतो. सळ्या वाकवणारे, वाळू लावणारे, तुकडे बांधणारे हात मात्र बेटांवरच्या लोकांचे होते.

शेजारच्या बोंतोसुआ बेटाभोवतीही हेच काम चालते. ब्रिटनमधल्या एक्सटर विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या नव्या-जुन्या लागवडींची मोजणी करून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार वर्षांची लागवड निरोगी खडकाच्याच वेगाने चुनखडी साठवत असल्याचे त्यांना आढळले. त्याआधी याच भागात पाण्याखाली मायक्रोफोन ठेवून ध्वनिमुद्रण झाले होते. ओसाड चुरा जवळजवळ मुका होता. सावरलेल्या भागात माशांचे गुरगुरणे, डरावणे आणि कोळंब्यांची कडकड पुन्हा सुरू झाली होती. अर्थात सगळे पूर्वीसारखे झालेले नाही. लावलेले प्रवाळ बहुतेक फांद्यांचे आहेत. गोलघुमट, संथ वाढणाऱ्या जाती त्यांत कमी आहेत, आणि उष्णतेची लाट आली तर पहिला बळी जातो तो बहुधा फांद्यांच्या जातींचाच.

मोडलेले प्रवाळ खडक पुन्हा उभे करण्याच्या या जगभरच्या खटपटीची ओळख करून देणे हा या पुस्तकाचा हेतू आहे. त्यात तंत्रे आहेत, तंत्रांचे गुणदोष आहेत आणि खर्चाचे हिशेबही आहेत. पण पानोपानी एकच मुद्दा वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून पुढे येतो. तुकडा चिकटवणे हे एका सकाळचे काम आहे, तो दहा वर्षे जगवणे हे गावाचे. ज्या खडकावर कोणाचे तरी पोट आहे आणि ज्याची राखण करण्याचा अधिकारही त्याच लोकांकडे आहे, तिथे लावलेले टिकण्याची शक्यता वाढते. बाकी ठिकाणी बहुतेक वेळा छायाचित्रे उरतात.

प्रवाळ दिसतो दगडासारखा, काहींना झाडासारखा, पण असतो प्राणी. मोहरीच्या दाण्यापासून अंगठ्याच्या नखापर्यंत आकाराचे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि खाली कॅल्शियम कार्बोनेटचा पाया रचत जातात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल मुक्कामाला असते. शैवाल उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे यजमानाला देते. प्रवाळाचा रंगही मुख्यतः शैवालामुळेच येतो. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेवर प्रवाळ खडक आहेत, पण समुद्रातल्या जवळपास चतुर्थांश जातींचा आयुष्यात कधी ना कधी त्यांच्याशी संबंध येतो. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना त्यांचा आणखी एक उपयोग होतो. लाटेतली सरासरी ९७ टक्के शक्ती या खडकांवर आपटून जिरते, असा हिशेब २०१४ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र करून मांडला गेला. खडक खचला की वादळाचे पाणी थेट अंगणात येते.

प्रवाळांची वंशवाढ दोन वाटांनी होते. बऱ्याच जाती वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, एकाच वेळी अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर हा प्रकार शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा नीट टिपला तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. दुसरी वाट अधिक सोपी. वादळात फांदी मोडते, खाली पडते, कुठेतरी अडकते आणि नशीब चांगले असेल तर तिथेच धरून वाढू लागते. माणसाने या दुसऱ्या वाटेला हात लावला आहे. कोकणात तरव्यात रोप वाढवून मग ते चिखलात लावतात, तसेच इथेही चालते. आधी पाण्याखालच्या रोपवाटिकेत, दोऱ्यांवर किंवा टेबलांवर, तुकडे काही महिने जोपासायचे. पुरेसे मोठे झाले की खडकावर नेऊन लावायचे, आणि त्यांतल्याच काहींचे पुन्हा तुकडे करून पुढच्या हंगामाची सोय करायची.

या पद्धतीचे दीर्घ आणि काळजीपूर्वक नोंदलेले एक उदाहरण मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात सापडते. ऑक्टोबर २००१ मध्ये आयरिस चक्रीवादळाने दक्षिण बेलीझ झोडपून काढला. प्लासेन्सिया गावासमोरचे लाफिंग बर्ड की हे चिमुकले बेट राष्ट्रीय उद्यान होते, जागतिक वारसा यादीतल्या बेलीझच्या प्रवाळरांगेचा एक भाग होते आणि गावातल्या गाइडांची रोजीरोटीही होते. तिथला खडक उघडा पडला. त्याआधीच संपूर्ण कॅरिबियनमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटापासून पसरलेल्या एका रोगाने एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न या फांद्यांच्या जाती जवळपास पुसून टाकल्या होत्या. १९८३ मध्ये खडकावरचे शेवाळ खाऊन तो स्वच्छ ठेवणारे काळे समुद्री साळिंदरही साथीत मेले. वादळाने घाव घातला तो असा आधीच खंगलेल्या खडकावर.

लिसा कार्न या सागरी जीवशास्त्रज्ञ तेव्हा याच भागात काम करत होत्या. मोडून पडलेले पण अजून जिवंत असलेले एल्कहॉर्नचे तुकडे पाहून ते उचलून लावता येतील अशी कल्पना त्यांना सुचली. त्यासाठी पैसे आणि परवानगी मिळेपर्यंत २००६ साल उजाडले. त्या वर्षी लाफिंग बर्ड कीजवळ १९ तुकडे लागले. ते जगले. मग रोपवाटिका झाल्या, गावातले मच्छीमार, गाइड आणि स्त्रिया प्रशिक्षण घेऊन पगारी काम करू लागल्या आणि २०१३ मध्ये फ्रॅगमेंट्स ऑफ होप ही संस्था उभी राहिली.

या कामात दिखाऊ असे काहीच नाही. पाण्याखाली पोहोचल्यावर पहिला तास जातो साफसफाईत. तारेच्या ब्रशने खडकावरचे शेवाळ खरवडायचे, हातोडीने पोकळ थर ठोकून काढायचा. होडीवर कालवलेले सिमेंट पिशवीत भरून खाली येते. त्याचा मुठीएवढा गोळा स्वच्छ जागेवर दाबायचा आणि तुकडा त्यात रोवायचा. प्रवाह असेल तर सिमेंट पकड घेईपर्यंत तुकडा धरून थांबायचे. शेवाळ अर्धवट काढले असेल तर सिमेंट निसटते, तुकडा डुलत राहिला तर त्याचे बूड घासून मरते. एकाच आईच्या फांद्या एका जागी दाटीने लावल्या तर एका रोगात सगळ्या जातात, म्हणून वेगवेगळ्या वंशांचे तुकडे मिसळून लावायचे. कोणता तुकडा कुठून आला, याची वही ठेवायची.

या वह्यांमुळेच बेलीझच्या कामाला वजन आले. बेटाभोवती जिवंत प्रवाळांचे आच्छादन सहा टक्क्यांवरून साठ टक्क्यांच्या वर गेल्याचे संस्थेच्या नोंदी सांगतात. लावलेल्या प्रवाळांनी स्वतः अंडी सोडल्याच्याही नोंदी झाल्या. म्हणजे माणसाने मोडून लावलेल्या फांद्या आता आपल्या बळावर पुढची पिढी पाठवू लागल्या होत्या. सरकारनेही बरोबरीने पावले उचलली. २००९ मध्ये धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेलेली बेलीझची प्रवाळरांग २०१८ मध्ये त्या यादीतून बाहेर आली. समुद्रात तेल शोधण्यावर देशाने घातलेली बंदी हे त्याचे एक प्रमुख कारण होते. समुद्रात तेलविहिरी सुरू झाल्या असत्या तर गावकऱ्यांच्या सिमेंटच्या गोळ्यांनी काय साधले असते, हा प्रश्न वाचकाने मनात ठेवावा.

बालीच्या वायव्य किनाऱ्यावरचे पेमुतेरान गाव राखणीच्या दृष्टीने वेगळे ठरते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इथले मच्छीमार बाँब आणि सायनाइड वापरत होते. १९९८ मध्ये पाणी तापले आणि उरलासुरला खडकही पांढरा पडला. आगुंग प्राना या हॉटेलमालकाने मच्छीमारांशी बोलणी करण्यात बराच काळ घालवला. २००० मध्ये तिथे लोखंडी सांगाड्यांतून सौम्य वीज सोडण्याचा प्रयोग सुरू झाला. वीज वाहू लागली की समुद्राच्या पाण्यातले क्षार लोखंडावर चढतात आणि त्या थरावर बांधलेले प्रवाळ धरतात. विजेने वाढ किती वेगाने होते, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. पेमुतेरानची खरी कमाई वेगळीच आहे. बालीच्या गावांत सणासमारंभांना बंदोबस्त ठेवणारे पारंपरिक रक्षक असतात, त्यांना पेचालांग म्हणतात. गावाने समुद्रासाठीही असे रक्षक नेमले. बाहेरची बाँबवाली होडी आली तर तिला हटकायला आता पोलिसांची वाट पाहावी लागत नव्हती. पूर्वी बाँब टाकणाऱ्यांतले काही जण पर्यटकांना खडक दाखवू लागले. २०१२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

जपानच्या ओकिनावा बेटावरचे ओन्ना गाव पाण्यातून थेट शेतात घेऊन जाते. इथल्या मच्छीमार सहकारी संस्थेचे मुख्य पीक मोझुकू नावाचे समुद्री शेवाळ. १९९८ च्या उष्णतेने प्रवाळ गेले, त्याच सुमारास संस्थेने शेवाळशेतीतलीच युक्ती प्रवाळांना लावली. वाळूत लोखंडी गज रोवायचे आणि गजाच्या टोकावर प्रवाळाचा तुकडा वाढवायचा. तळापासून उंच असल्याने त्यावर गाळ बसत नाही आणि प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशांना वर चढणे जड जाते. जपानच्या ग्राहक सहकारी संस्था मोझुकू विकत घेताना त्यातला काही वाटा प्रवाळांच्या लागवडीसाठी राखतात. म्हणजे पैसा देणगीच्या पेटीतून न येता विक्रीच्या बिलातून येतो.

पण ओकिनावाच्या प्रवाळांचा जुना वैरी जमिनीवर आहे. ऊस आणि अननसाच्या शेतांतून, बांधकामांतून लाल माती पावसाबरोबर समुद्रात येते आणि प्रवाळांवर बसते. प्रांताने त्याविरुद्ध केलेले नियम १९९५ मध्ये लागू झाले, तरी शेतीतली धूप पुरती आटोक्यात आली नाही. ओन्नात म्हणून शेतांच्या कडेने वाळ्यासारखे दाट मुळांचे गवत आणि फुलझाडे लावण्याचा उद्योग सुरू झाला. फुलांसाठी मधमाश्यांच्या पेट्या आल्या. मधाचे पैसे शेतकऱ्याला, अडलेली माती समुद्राला. २०१८ मध्ये या गावाने स्वतःला प्रवाळांचे गाव म्हणून जाहीर केले. मच्छीमार आणि शेतकरी एका टेबलाशी बसल्याशिवाय हे होणारे नव्हते. कोकणातल्या वाचकाला डोंगरउतारावरच्या खाणी, रस्ते आणि पावसाळ्यात तांबड्या होणाऱ्या खाड्या आठवणे साहजिक आहे.

मेक्सिकोच्या किंताना रो राज्याने आणखी निराळी वाट धरली. कानकून आणि पुएर्तो मोरेलोसच्या हॉटेलांपुढचा खडक हा किनाऱ्याचा बंधारा आहे, तर त्याचा विमा का उतरवू नये? २०१९ मध्ये तसा करार झाला. वाऱ्याचा वेग ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की नुकसानीच्या पंचनाम्याची वाट न पाहता पैसे मिळायचे. ऑक्टोबर २०२० मध्ये डेल्टा चक्रीवादळ धडकले आणि सुमारे आठ लाख डॉलर जमा झाले. ते वापरायला माणसे आधीच तयार होती. मच्छीमार, पाणबुडे, उद्यानाचे कर्मचारी यांच्या तुकड्यांना मोडलेले प्रवाळ शोधणे, उलटलेल्या मोठ्या वसाहती सरळ करणे आणि तुकडे सिमेंटने बसवणे यांचे शिक्षण मिळालेले होते. वादळानंतर मोडलेली फांदी वाळूत फार दिवस तग धरत नाही. त्यामुळे बँकेतल्या रकमेइतकीच महत्त्वाची होती ती दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरू शकणारी गावची माणसे.

आता या कामाच्या मर्यादांबद्दल. २०२३ च्या जुलैत अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला समुद्र इतका तापला की मॅनेटी बे या उथळ खाडीतल्या तापमापकाने ३८.४ अंश सेल्सियस दाखवले. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशानेच अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ आतले शैवाल बाहेर टाकतो. तो पांढरा पडतो आणि उपासमारीला लागतो. पाणी लवकर निवले तर सावरतो, नाहीतर मरतो. फ्लोरिडात तर उष्णता याच्या कितीतरी पुढे गेली होती. तिथली कोरल रिस्टोरेशन फाउंडेशन २००७ पासून स्वयंसेवकांच्या मदतीने हजारो प्रवाळ लावत आली होती. सोम्ब्रेरो रीफवर तिने पाहणी केली तेव्हा एकही प्रवाळ जिवंत नव्हता. किनाऱ्यावर धावपळ उडाली. पाण्याखालच्या रोपवाटिकांतले तुकडे खोक्यांत भरून जमिनीवरच्या टाक्यांत हलवण्यात आले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार फ्लोरिडा कीजमधल्या एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न या दोन्ही जातींच्या ९८ ते १०० टक्के वसाहती त्या उन्हाळ्यात गेल्या. कॅरिबियनभर पसरलेल्या त्या उष्णतेचा फटका बेलीझलाही बसला.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेने जागतिक स्तरावर प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी आपत्ती जाहीर केली. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या आधीच्या तीन. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीचा २०१८ चा अंदाज सांगतो की जग दीड अंशाने तापले तर आणखी ७० ते ९० टक्के प्रवाळ घटतील, दोन अंशांवर ९९ टक्क्यांहून अधिक. लावणीने पाणी थंड होत नाही. ती फार तर वेळ विकत घेते, वंश टिकवते आणि उष्णता सोसणारे प्रवाळ कोणते, हे शोधायची संधी देते.

काही दोष मात्र माणसांच्या पदरात घालावे लागतील. प्रवाळ पुनरुज्जीवनाच्या शेकडो प्रयोगांचा आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. लावलेल्यांपैकी सरासरी दोन तृतीयांश प्रवाळ जगल्याचे त्यात दिसते. आकडा दिलासा देणारा आहे, पण त्याच आढाव्यानुसार ६० टक्के प्रकल्पांची पाहणी अठरा महिन्यांच्या आत संपली होती. फळझाड लावून दीड वर्षात बाग यशस्वी झाल्याचे कोणी सांगत नाही. बहुतेक प्रयोगांचे क्षेत्रही शंभर चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे मध्यमवर्गीय फ्लॅटहून फारसे मोठे नव्हते. अनुदान संपले की पाहणी संपते, आणि मेलेल्या तुकड्यांचा अहवाल कोणी लिहीत नाही. पर्यटकाने पैसे भरून प्रवाळ दत्तक घ्यायचा, नावाची पाटी लावायची आणि पुढच्या हंगामात ती पाटी शेवाळाखाली जायची, असेही प्रकार बेटोबेटी झाले आहेत.

महाराष्ट्रात हा विषय परका नाही. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले ते सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात, अवघ्या २९ चौरस किलोमीटर क्षेत्रावर. मासेमारीवर गदा येईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला आणि त्या अविश्वासाचा परिणाम बराच काळ राहिला. पुढे किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंगचा धंदा वाढला. नांगर टाकणाऱ्या होड्या आणि प्रवाळांवर पाय देऊन उभे राहणारे पर्यटक ही नवी डोकेदुखी झाली. मालवणचे प्रवाळ उष्णतेने पांढरे पडल्याच्या नोंदी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केल्या आहेत. गेल्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सिंधुदुर्गात किनारी जैवविविधतेचा प्रकल्प चालला. त्यात प्रवाळांच्या पुनर्रोपणाचाही प्रयोग झाला. त्याच प्रकल्पातून ट्रॉलरसाठी चौकोनी आसाची जाळी आली, ज्यातून लहान मासळी निसटून जाते, आणि वेंगुर्ल्याच्या स्वामिनी बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवू लागल्या. प्रवाळांच्या प्रयोगाइतकाच हा शेवटचा भाग पुढच्या कामासाठी मोलाचा आहे. किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीची राखण करणाऱ्याच्या हाती तिथूनच चार पैसे येऊ शकतात, हे त्याने गावात दाखवले.

बेलीझची कृती मालवणात जशीच्या तशी उतरणार नाही. आपल्या किनाऱ्याचे पाणी गढूळ, पावसाळ्यात गोडे पाणी भरपूर, लाटांचा मारा प्रचंड. इथे टिकलेले प्रवाळ बरेचसे गोळ्यांसारखे किंवा खडकाला थर देऊन वाढणारे आहेत. फांद्यांच्या काही जाती वर्षाला दहा सेंटिमीटर वाढतात, गोलघुमट जाती साधारण एक सेंटिमीटर. अशा जातींसाठी फ्लोरिडातल्या डेव्हिड वॉन यांची युक्ती उपयोगी पडू शकते. टाकीतला प्रवाळ चुकून तुटला आणि त्याचे चिमुकले अवशेष अनपेक्षित झपाट्याने वाढताना त्यांना दिसले. तेव्हापासून नखाएवढे तुकडे जवळजवळ लावायचे आणि ते वाढून एकमेकांत मिसळू द्यायचे, ही पद्धत रूढ झाली. मात्र त्यासाठी टाक्या, करवत आणि प्रशिक्षित हात लागतात.

मुंबईचे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली इथल्या खडकांवर सापडलेल्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये परवानगी घेऊन, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवण्यात आल्या. शहराच्या सांडपाण्यातही प्रवाळ जगतात, हे अनेक मुंबईकरांना तेव्हा पहिल्यांदा कळले. किनाऱ्यावर फेऱ्या काढणाऱ्या मरीन लाइफ ऑफ मुंबई या नागरिकांच्या गटाने त्याआधीच काही वर्षे तिथल्या जीवांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली होती. पण बांधकामाच्या वाटेतून प्रवाळ हलवणे आणि मोडलेला खडक पुन्हा उभा करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत एक जागा कायमची जाते. भरपाई म्हणून दुसरीचे नाव वापरले जाऊ लागले तर लावणीचे तंत्र विध्वंसाचा परवाना बनेल, ही अभ्यासकांची भीती अनाठायी नाही.

भारतात आणखी एक गाठ आहे. २००१ पासून खडक रचणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तामिळनाडूतल्या मन्नारच्या आखातात चुन्यासाठी प्रवाळांचे उत्खनन चाले, ते रोखायला या तरतुदीचा मोठा उपयोग झाला. पण त्यामुळेच वादळानंतर वाळूत पडलेली जिवंत फांदी उचलून लावायचा अधिकार मच्छीमाराला नाही. तो संशोधन संस्थेला मिळतो, वन विभागामार्फत, अर्ज-मंजुरीच्या वेळापत्रकाने. मेक्सिकोत दुसऱ्या दिवशी जे घडू शकले, ते इथे फाइल फिरून येईपर्यंत घडणार नाही. कायदा सैल करावा असे येथे कोणी सुचवत नाही. प्रशिक्षित गावकऱ्यांच्या तुकडीला वन विभागाच्या देखरेखीखाली कायमची परवानगी देता येईल का, इतका माफक प्रश्न आहे.

पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात. आधी खडक कशाने मोडतो, मग तो लावण्याच्या पद्धती, त्यानंतर राखणीच्या व्यवस्था आणि शेवटी फसलेले प्रयोग. शेवटच्या भागाला मुद्दाम जास्त पाने दिली आहेत. सिंधुदुर्गात पुढचा प्रयोग आखला जाईल तेव्हा परवान्यावर वन विभागाबरोबर मच्छीमार सोसायटीचे नाव आहे का, पाणबुड्यांची मजुरी कोण देणार, किल्ल्याभोवती नांगर न टाकता होड्या बांधायची सोय झाली का आणि पाचव्या वर्षीच्या पाहणीचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे का, हे विचारायला वाचकाच्या हाताशी काहीतरी असावे. म्हणून सिमेंटचे प्रमाण, दोरीची जाडी, रोजंदारीचे दर आणि मेलेल्या तुकड्यांची मोजदाद यांतले काहीही किरकोळ म्हणून वगळलेले नाही.